परीक्षेपुरतं हसू

परीक्षेच्या सकाळी, ऐन फाटकात उभं राहून केळं खाणारा माणूस मी व्हिएतनाममधल्या आमच्या कान थो शहरात पहिल्यांदाच पाहिला.

"अहो!" मी ओरडलेच. "एवढीएवढी पोरं इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला आलीत, आणि तुम्ही त्यांच्यासमोर केळं खाताय? सालीवरून पाय घसरतो तशी पोरंही परीक्षेत घसरायची! पालक असून एवढंही कळू नये?"

त्याने अर्धं केळं पाठीमागे लपवलं. "चुकलं हो. भूक लागली होती... पण मी पालक नाही."

"मग कोण?"

"परीक्षक."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

एरवी मी बालवाडीत शिकवते. परीक्षेच्या रविवारी मात्र या केंद्रावर मुलांना खोलीच्या दारापर्यंत नेण्याचं काम माझं. सात-आठ वर्षांची मुलं ती. कुणाचं पोट दुखतं, कुणी कॉलर चावतं, कुणाला सारखी शू लागते. त्यांच्याशी आपल्या भाषेत गप्पा मारायच्या, धीर द्यायचा आणि आत सोडायचं. आत लामसर, म्हणजे तेच केळीवाले. फाटकाच्या आत परीक्षकाने इंग्रजीशिवाय दुसरं बोलायचं नाही हा एक नियम. मुलाने बरोबर सांगितलं, चूक सांगितलं की काहीच सांगितलं नाही, तरी एकसारखंच हसायचं आणि 'छान' म्हणायचं, हा दुसरा. चेहऱ्यावरून मुलांना काही कळता कामा नये.

मुलांना कळत नसे ते ठीक. पण मलाही कळेना!

मधल्या सुट्टीत ते रस्त्यापलीकडच्या गाडीवरून माझ्यासाठी उसाचा रस आणत. मनात गुदगुल्या व्हायच्या... आणि मग दिसायचं, की वॉचमनकाकांसाठीही आणलाय. फाटकाबाहेरच्या झाडाखाली आम्ही उभे राहायचो.

"दारात पोरांच्या कानात काय सांगता हो, थोआ? हसतच आत येतात."

"सांगते, आत केळीवाले काका आहेत, घाबरू नको."

"अजून केळंच?"

"जन्मभर केळंच."

"जन्मभर?" म्हणून ते हसले. आता हे हसू कुठलं? मुलांना देतात तेच, की निराळं? घरी जाताना स्कूटरवर मी त्या हसण्याचा नुसता कीस पाडत असे. कधी वाटे, माझ्यात गुंतलाय. कधी वाटे, बाई गं, वॉचमनकाकांकडे बघूनही असंच तर हसतो!

अशातच माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी परीक्षेला बसली. तिचं घरचं नाव तोम, म्हणजे कोळंबी. घरात ती कोळंबीसारखीच टुणटुण उडते, मांजराशीसुद्धा इंग्रजीत बोलते. पण परीक्षा म्हटलं की थिजते. गेल्या वर्षी तिने स्वतःचं नावही सांगितलं नव्हतं. "यंदाही गप्प राहिली तर क्लास बंद," ताईने बजावलं होतं. "ढ पोरीला शिकवून काय उपयोग?" ढ! हा शब्द तोमने ऐकला होता.

मी तिला जवळ घेऊन वचन दिलं, "आतले काका माझे मित्र आहेत. तुझी परीक्षा तेच घेणार." त्या एका भरवशावर ती तयार झाली. सकाळी, परीक्षेला शुभ म्हणून मुगाचा चिकट भात खाऊन, माझ्या पाठीला बिलगून आली.

आणि दारात केंद्रप्रमुख फुओंगबाईंनी अडवलं. "हिला तीन नंबरला ने. लामसरांनी हिची परीक्षा घ्यायला नकार दिलाय."

"नकार? का?"

"त्यांनाच विचार," बाई म्हणाल्या. त्या चक्क गालात हसत होत्या.

लामसर दारातच होते. मी विचारायच्या आतच इंग्रजीत म्हणाले, "मुलीला तीन नंबरच्या खोलीत न्या, प्लीज." वर तेच, परीक्षेपुरतं हसू! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं काय चुकलं? आणि माझं चुकलं तर या लेकराला शिक्षा कशाला?

तोमने कॉलर तोंडात घातली. "मावशी, काका येणार नाहीत?"

खोटं बोलवेना. मी तिच्यापुढे उकिडवी बसले. "नाही गं. का, ते मलाही कळत नाहीये. माझ्यापण पोटात गोळा आलाय."

"तुझ्यापण?" तिने माझ्या पोटावर हात ठेवला. जरा विचार केला. मग मोठ्या माणसासारखी म्हणाली, "मग तू इथेच बस. मी जाऊन येते."

आणि गेली की!

बाहेर आली ती उड्या मारतच. "मावशी, मी नाव सांगितलं! मांजर पण सांगितलं! मधे गप्प झाले, तरी त्या बाई रागावल्या नाहीत!" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पण राग गेला नव्हता. दुपारी फाटकाबाहेर मी लामसरांना गाठलंच. "माझ्या भाचीने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"नियम आहे, थोआ. आपल्या घरातल्या मुलाची परीक्षा आपण घ्यायची नाही."

"तोम तुमच्या घरातली कधीपासून झाली?"

"फुओंगबाईंनीही हेच विचारलं."

"मग काय सांगितलंत?"

त्यांचे कान लाल झाले. त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण हसू काही येईना. "सांगितलं, की अजून झालेली नाही. पण माझ्या मनात आहे... तिच्या मावशीला विचारायचं तेवढं राहिलंय."

"बाईंना आधी सांगितलंत? आणि मला?"

"बाईंना सांगणं नियमात होतं," ते पुटपुटले. "तुम्हाला सांगायची... भीती वाटत होती."

ते समोर हेल्मेटचा पट्टा पिळत उभे. तोम एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

शेवटी मी तिचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "मग पुढच्या वर्षीही तोमची परीक्षा तुम्हाला घेता यायची नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही."

"का?" त्यांनी घाबरून विचारलं.

एवढ्या पोरांना तपासणारा माणूस, पण हे उत्तर कळायला त्याला चांगलाच वेळ लागला.