बाई क्रमांक तीन

सिनेमाचा आवाज टिपणाऱ्या रॉडरिकची आणि माझी ओळख झाली ती त्याचा लांब दांडीचा माइक माझ्या डोक्यावर आपटला तेव्हा.

"केस फार उंच बांधलेत तुझे," तो म्हणाला.

"मग दांडी वर धर की... आणि माझं एकच वाक्य आहे, तेवढं नीट ऐक."

बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काळ्या लोकांनी मॉन्टगोमेरीत केलेल्या बसबहिष्कारावरचा सिनेमा आमच्याच चर्चमध्ये चालला होता. माझ्या भूमिकेला नावसुद्धा नव्हतं. बाई क्रमांक तीन! वाक्य होतं – "उद्यापासून मी चालत जाईन." माझ्या आजीची बहीण, ब्यूला, खरोखर वर्षभर चालत कामाला गेली होती. तिच्यासाठी मला ते वाक्य हवं होतं.

चार दिवस रॉडरिक जेवणाच्या सुट्टीत मक्याच्या पावाचा कडेचा कुरकुरीत तुकडा माझ्यासाठी राखून ठेवायचा.

"लाच देतोस?"

"हो... लागू पडतेय का?"

पडत होती.

पाचव्या दिवशी दिग्दर्शकानं माझं वाक्य सिनेमातल्या गोऱ्या वकिलाच्या पात्राला दिलं. मला म्हणाला, "तू मागे उभी राहून रड." मी रॉडरिककडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

मी या चर्चमध्ये नऊ वर्षं पांढरे हातमोजे घालून दाराशी उभी राहते. कोणी रडून कोसळलं तर सावरते. हातमोजेवाली स्वतः रडत नाही, हे इथल्या पोरांनाही ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा सुरू झाला, वकिलानं तोंड उघडलं – "उद्यापासून..." आणि माझे दोन्ही तळवे वर गेले. हातमोजेवालीनं तळवे वर केले की आमची मंडळी उभी राहतात. गर्दीत बसलेली सगळी आमचीच माणसं, सवयीनं ऐंशी जण उठले. त्यांच्याआड वकील दिसेनासा झाला. मी माझं वाक्य बोलले. वर पाहिलं, तर माइक माझ्यावर होता.

दिग्दर्शकानं आम्हा दोघांनाही घरी पाठवलं.

बाहेर मी रॉडरिकला धरलंच. "काल का गप्प बसलास?"

"घाबरलो होतो."

"आणि आज?"

"आजही. पण तू बोलत असताना दुसऱ्याचा आवाज घेणं... नाही जमलं. प्रेम करतो मी तुझ्यावर, ट्रेनिस."

"माझं वाक्य ते सिनेमातून कापून टाकतील."

"टाकतील."

"माझा राग गेलेला नाही."

"नको जाऊ देऊस. रागासकट ये."

मी त्याचा हात धरला, अगदी दुखेल इतका घट्ट, आणि त्याच्याबरोबर निघाले.