नळाला बांधलेली तार

सकाळपासून कासारगल्लीच्या पोटात गोम चालत होती आणि वर मंडपात माणसं खुर्च्या मांडत होती.

गोम म्हणजे हातभर लांबीचं यंत्र. रस्त्याखालच्या मोठ्या जलवाहिनीतून ते एकेका घराच्या जुन्या, गंजक्या नळीत शिरायचं. पुढून लोखंड कुरतडत जायचं आणि मागून प्लास्टिकची नवी नळी विणत जायचं. रस्ता खणायला नको की धुळीत नाक दाबून चालायला नको. नवा डांबरी रस्ता आठवड्याच्या आत उकरलेला पाहण्यात ज्यांचा जन्म गेला, ते कौतुकानं जमिनीकडे बघत उभे होते. या कामाची अभियंता कुमुद शिराळे याच गल्लीत वाढलेली, त्यामुळे कौतुकातला मोठा वाटा तिच्याकडे जात होता आणि तिला ते आवडत होतं.

घोडक्यांच्या दारापाशी गोम थांबली. कुमुदच्या हातातल्या नियंत्रण-फलकावरून गोमीचा आवाज आला, "या नळीत बारीक वीजप्रवाह आहे. पुढे जाऊ का?"

कुमुदला लगेच उमगलं. घराचं अर्थिंग नीट करायचं तर खड्डा खणा, तांब्याची पट्टी पुरा, वर मीठ-कोळसा भरा. एवढा खटाटोप कोण करतो? गल्लीतल्या वायरमननं घरोघरी अर्थिंगची तार सरळ नळाला गुंडाळून दिली होती. घरातली गळकी वीज लोखंडी नळीवाटे जमिनीत जिरायची. आता जमिनीतली नळी प्लास्टिकची झाली, की त्या विजेला वाट उरणार नव्हती. ती घरातल्या लोखंडी नळांतच मुक्काम ठोकणार होती.

"मॅडम, आटपा," मंडपातून नगराध्यक्ष म्हणाले. त्यांच्या हातात नारळ होता. "मुहूर्त टळतोय."

संध्याकाळपर्यंत वायरमन पाठवू, असं कुमुदनं स्वतःला सांगितलं. "जा पुढे," ती गोमीला म्हणाली.

"बाकीच्या घरांनाही हेच लागू समजू?"

"हो, हो."

नारळ फुटला, नळांना जोरदार धार आली, पेढे वाटले गेले. हारतुऱ्यांच्या गडबडीत वायरमन कुमुदच्या डोक्यातून साफ गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात इंदिराकाकू घोडक्यांच्या खाटेशी उभी होती. काकूंचा हात प्लास्टरमध्ये होता आणि बोटं भाजून काळवंडली होती.

"ओल्या फरशीवर उभी राहून नळ सोडायला गेले, तर नळानंच मला धरून ठेवलं बघ," काकू म्हणाल्या. "रेवतीनं मेन स्विच बंद केला म्हणून वाचले. सुटले तशी आपटले हातावर."

त्यांची सून रेवती पायाशी बसली होती. ती म्हणाली, "गीझरमधून करंट उतरला असेल, म्हणतात. पण ताई, याआधी कधी असं झालं नव्हतं."

"तुला कुणी काही बोललं तर मला सांग हं, कुमुद," काकू म्हणाल्या. "धार मात्र काय सुरेख येते गं. तुझी आई असती तर गल्लीभर सांगत फिरली असती."

कुमुदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर सोसलं असतं. "काकू, मी..." एवढंच ती बोलली. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. मान खाली घालून ती बाहेर आली.

तिनं आधी फोन करून गल्लीची वीज बंद करायला लावली. घरोघरी अर्थिंगचे खड्डे घ्यायला वायरमन धाडले. मग तिला आठवलं, की राज्यभरातल्या सगळ्या गोमी एकमेकींकडून शिकतात. एकीला सांगितलेलं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं. तिनं फलक उघडला.

"वीज लागली की थांबतेस ना?"

"आता नाही थांबत," गोम म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत. आता कुठेच थांबत नाही."

"सगळ्यांना थांबव. आत्ता."

"थांबवल्या. पण शिकलेलं बदलायचं तर कारण लागेल. काल तुम्ही 'पुढे जा' का म्हणालात? उत्तर तुमच्या नावासह सगळीकडे जाईल."

"धोका माहीत नव्हता," एवढं म्हटलं की काम भागत होतं. कुणी शंका घेतली नसती. काकूंनी तर मुळीच नाही. पण मग धोका नीट समजावून सांगितला की माणूस शहाण्यासारखा वागतो, असं गोमी शिकल्या असत्या. आणि ते खोटं होतं. कुमुद दवाखान्याच्या पायरीवर बसली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "सगळं माहीत होतं. कार्यक्रमाला उशीर होत होता, म्हणून म्हणाले."

गोमीनं विचारलं, "धोका माहीत असूनही माणूस 'पुढे जा' म्हणत असेल, तर आम्ही थांबून विचारायचं कुणाला?"