पस्ताना

आराम करायला जायचं म्हणजे बाईमाणसाला किती राबावं लागतं, हे आराम करणाऱ्यांच्या कधी लक्षात येत नाही.

नवे पैसे आले त्या वर्षीचा उन्हाळा. आम्ही तेव्हा मुलुंडला पाच रस्त्याजवळ एका दुमजली इमारतीत, वरच्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, पुढे टेकड्यांकडे तोंड करून सज्जा, आणि जिन्याच्या पलीकडे अगदी समोरासमोर उत्तराकाकूंचं बिऱ्हाड. आमचे हे, विद्याधर, विक्रोळीच्या एका कारखान्यात कारकून. क्षमा सहा वर्षांची. श्यामला नुकतंच चौथं वर्ष लागलेलं. श्यामला थंडीत डांग्या खोकला झाला, तो उन्हाळा आला तरी हटायला तयार नव्हता. पहाटे उबळ आली की पोराचे ओठ निळे पडत, आणि श्वास परत येईपर्यंत मी त्याला उभं धरून पाठ चोळत असे. कित्येक महिन्यांत मला सलग झोप नव्हती. दिवसा डाळ निवडता निवडता माझा डोळा लागायचा.

"हवापालट करा," डॉक्टर म्हणाले. "मोकळं गाव, पाणी, झाडं. अशा खोकल्याला तेवढंच औषध. तुम्हालाही विश्रांती मिळेल."

विश्रांती म्हटल्यावर हे उत्साहात आले. त्यांच्या कचेरीतले नंदकुमार भावजी मदतीला होतेच. घाटावर वडतळे म्हणून गाव, तिथे भावजींच्या मामांचा तळ्याला लागून बंगला रिकामा होता. लोणावळ्याला उतरायचं आणि पुढे एसटी. मग रोज संध्याकाळी आरामखुर्चीत पडून यांचा बेत सुरू झाला.

"सकाळी तळ्याकाठी फिरणं. दुपारी मस्त झोप. उन्हं उतरली की होडी. वसू, तुला काही म्हणजे काही करावं लागणार नाही."

"आणि स्वयंपाक?"

"तो काय, साधाच करायचा."

साध्या स्वयंपाकासाठी मी स्टो बांधला, त्याच्या पिना घेतल्या, रॉकेलचा डबा घेतला. भाजणी दळून आणली, मेतकूट केलं. मच्छरदाणीची भोकं शिवली. फिरकीचा तांब्या घासला. होल्डॉल एकदा बांधून पाहिला, त्यात उशा मावेनात म्हणून सोडून परत बांधला. हे खुर्चीतून पट्टा कसा ओढावा ते सांगत होते.

यांना रजा मिळाली ती शनिवारपासून. ते ऐकून उत्तराकाकूंनी कपाळाला हात लावला.

"शनिवार, आणि वर अमावास्या! आजारी पोराला घेऊन?"

काकू एकट्या, पंचांग वाचूनच श्वास घेणाऱ्या, पण माझ्या अडीनडीला धावून येणाऱ्या. माझा मुहूर्तांवर विश्वास नव्हता. सासर-माहेर दोन्हीकडे सुधारक मंडळी. तसं मी बोलून दाखवलं असतं, पण वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

"मग पस्ताना ठेव," काकू म्हणाल्या. "बुधवारी सकाळी वेळ चांगली आहे. प्रत्येकाचा अंगावरचा एकेक कपडा घे, त्यात सुपारी आणि मूठभर तांदूळ घाल, आणि बोचकं बांधून माझ्याकडे आणून ठेव. म्हणजे त्या मुहूर्तावर तुम्ही घरातून निघालात असं होतं. मग खरं कधी का निघेनात! जाताना फक्त बोचकं माझ्याकडून उचलायचं आणि पुढे जायचं. परत घरात न्यायचं नाही, एवढं सांभाळ."

बुधवारी मी यांचा सदरा, क्षमाचा झगा आणि श्यामचं अंगडं एका पंच्यात बांधून काकूंकडे नेलं. त्यांनी ते देवाजवळ पाटावर ठेवलं.

"आणि तुझं गं?"

माझी दोन बरी पातळं ट्रंकेत गेली होती, दोन दोरीवर ओली, आणि एक अंगावर. पुन्हा जाऊन बदलायचं माझ्या जिवावर आलं.

"माझं राहू द्या, काकू," मी म्हटलं. "मी काय, आहेच."

शुक्रवारी संध्याकाळी हे आले ते पडलेल्या चेहऱ्याने. वरचे साहेब आजारी पडले होते, यांची रजा रद्द झाली होती. पुढे कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं. मी होल्डॉल सोडला, स्टो जागेवर ठेवला आणि मोरीत भांडी घासता घासता पोटभर रडले. पोराला घेऊन जायचं होतं, आता पुन्हा तीच पहाट आणि तीच उबळ. बोचक्याची मला आठवणसुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर आली होती. खोकला झालाच नव्हता. मी घाबरून श्यामला चाचपलं. तो शांत झोपला होता, श्वास अगदी मोकळा, आणि केस मात्र ओलसर. घाम असेल म्हणून मी पदराने पुसले.

त्या दिवसापासून त्याला एकही उबळ आली नाही. खोटं कशाला बोलू, मी देव न मानणारी बाई, पण मी हात जोडले.

मुलं बदलली ती हळूहळू. भांडेनाशी झाली. सज्ज्याच्या गजांतून पाय बाहेर सोडून दोघं तासन्‌तास बसत आणि पाय पुढेमागे हलवत. ताटातला घास चिवडून उठत, तरी श्यामचे गाल भरत चालले. दिवसभर घरात असून दोघांचे दंड उन्हाने रापले. एकदा श्यामला न्हाऊ घालताना त्याच्या कानामागे हिरवं शेवाळ निघालं. नखांत काळा चिखल.

"कुठे खेळलास रे?"

"पाण्यात," तो म्हणाला.

आमच्या नळाला सकाळी जेमतेम तासभर पाणी. इमारतीभोवती धूळ. मी क्षमाकडे पाहिलं, ती फक्त हसली.

यांचंही तसंच. एरवी कचेरीतून आले की साहेबांच्या नावाने बोटं मोडणारा माणूस, आता शीळ घालत जिना चढे.

"आज टेबलावर एक कागद आला नाही," ते म्हणाले. "कुणी हाकसुद्धा मारली नाही. झकास!" मग खुर्चीत अंग टाकून त्यांनी डोळे मिटले. "काय गार वारा सुटलाय ना?"

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. माझी पाठ घामाने भिजली होती.

मी भांडी घासत होते, पाणी भरत होते, धुणं वाळत घालत होते. तिघांच्या तोंडावर सुट्टीची तकाकी, आणि माझ्या हाताला राख. मनात आलं, यांची हवापालट झाली, माझी तेवढी राहिली. मला त्याचं हसूही आलं. घरातल्या प्रत्येक बाईला कधी ना कधी असंच वाटत असणार.

मग कमळ आली. भांडुपच्या खाडीकडून मासळी घेऊन येणारी कोळीण, आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारी. तिने पाटी उतरवली ती नेमकी श्याम बसला होता तिथे. श्याम निमूट बाजूला सरकला.

"पोरां गेली वाटतं गावाला, बाय?" ती म्हणाली. "घर कसं सुनं लागतंय."

मुलं तिच्यापासून हातभर अंतरावर होती. क्षमा एरवी पाटीतल्या चिंबोरीला काडी टोचल्याशिवाय राहायची नाही. आज ती कमळच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"अगं, ही काय इथे," मी म्हटलं.

कमळने इकडे तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या नजरेत कीव होती. "दमलीस बाय तू," ती म्हणाली. तिने थोडेसेच बोंबील काढून माझ्या ताटात घातले. "एकलीला एवढे बस."

उन्हातून आली, डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, असं मी स्वतःला समजावलं. त्या दिवशी बोंबील मी एकटीनेच खाल्ले. बाकी कुणी पानाला हातही लावला नाही.

रविवारी दुपारी नंदकुमार भावजी आले. ते आठवडाभर रजेवर होते. दारातच उभे राहून हसले.

"काय वहिनी, तुम्ही अजून इथेच? मी परवा वडतळ्याला गेलो होतो, बंगला बघायला. विद्याधर आणि मुलं तिकडे मजेत आहेत. मला आश्चर्यच वाटलं, रजा मिळाली कधी? श्याम तर पाण्यातून बाहेरच यायला तयार नाही. मी विचारलं, वहिनी कुठे? तर विद्याधर म्हणाला, तिचं काम आवरलं की येईल मागून."

माझ्या मागे, चार पावलांवर, हे खुर्चीत पडून होते. मुलं त्यांच्या पायाशी. भावजींनी आत नजर टाकली. ती खुर्चीवरून फिरली, भिंतीवर गेली आणि परत माझ्यावर आली.

"एकट्या राहू नका हो," ते म्हणाले. "निघा लवकर."

ते जिना उतरून गेले. मी वळून यांच्याकडे पाहिलं.

"अहो, नंदकुमार भावजी आले होते."

"हो, भेटला परवा," हे डोळे न उघडता म्हणाले. "चहा घेऊन गेला."

मी तशीच काकूंकडे गेले. काकू वाती वळत होत्या.

"काकू, आमची रजा रद्द झाली, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलंस की. तुझं जाणं राहिलं बिचारीचं." त्यांनी वात खाली ठेवली. "ती तिघं तर गेली."

बोचकं पाटावर होतं. गाठ मी मारलेलीच. मी ते उचललं तर हाताला जड लागलं. खालून पाणी ठिबकलं. शहाबादी फरशीवर ओला डाग पसरला होता आणि चिखलाचा, कमळाच्या पानांचा वास येत होता. मी गाठ सोडली. तिघांचे कपडे पिळून न काढलेल्या धुण्यासारखे भिजलेले. तांदळाला बोटभर कोंब फुटले होते. गिरणीतून कांडून आणलेला तांदूळ. त्याला कोंब फुटत नाहीत.

मी बोचकं छातीशी धरलं आणि घराकडे निघाले. मला माझी माणसं परत हवी होती. कमळला दिसतील अशी, ताटातलं जेवतील अशी, भांडतील अशी.

"माघारी नको गं नेऊ!" काकू ओरडल्या. "निघालेल्या माणसाला मागे बोलावू नये."

मी उंबऱ्याजवळ पोचले आणि आत श्यामला उबळ आली.

तोच खोकला. तोच शेवटी लांब ओढलेला श्वास.

मी दारातून पाहिलं. पोर जमिनीवर गुडघे टेकून वाकलं होतं. ओठ निळे. क्षमा रडत होती, हे खुर्चीतून धडपडत उठत होते. कित्येक दिवसांनी तिघांनीही थेट माझ्याकडे पाहिलं.

मी एक पाऊल मागे घेतलं.

खोकला थांबला.

मी पुन्हा पाय उचलला. पुन्हा उबळ. या वेळी श्वास आत जाईचना.

मी मागे झाले. जिन्यापाशी उभी राहून मी ऐकत राहिले. आत श्याम हसला.

बोचकं मी काकूंच्या पाटावर परत ठेवलं.  मी घरी गेले, अंगावरचं पातळ सोडून दुसरं नेसले, आणि उतरवलेलं पातळ आणून बोचक्यात घातलं. मुलांसाठी केलं, असं मला म्हणता येईल. पोरं जिथे तिथे आई, हे कुणालाही पटेल. पण गाठ मारताना माझ्या मनात मुलं नव्हती. आता मला कुणी हाक मारू नये, एवढंच होतं. फार दमले होते मी.

त्या रात्री मी गाढ झोपले.

सकाळी भैया दूध घेऊन आला तेव्हा मी पातेलं घेऊन दारात उभी होते. तो माझ्या समोरून गेला आणि त्याने काकूंची कडी वाजवली.

"सामनेवाली बाई भी गयी क्या?"

"गेली हो," काकू म्हणाल्या. "कालच गेली. बरं झालं. पार थकली होती."

मग काकू आमच्या दारापाशी आल्या. माझ्या खांद्यावरून त्यांनी आत पाहिलं, दार सावकाश ओढून घेतलं, आणि बाहेरून कुलूप लावलं. लागलं की नाही ते एकदा ओढून पाहिलं. त्यांची पावलं परत गेली.

आत गारवा होता. सवयीने मी स्वयंपाकघरात गेले, स्टोजवळ बसले आणि काडीपेटीला हात घातला. काड्या भिजलेल्या होत्या.

"आई, राहू दे," क्षमा मागून म्हणाली. "इथे कुणालाच भूक लागत नाही."