रुसूबाईचा ठेका

आणे पठारावरच्या रेडिओ वेधशाळेत मंगळवारी सकाळी अकरा वाजता डॉ. कुमुद ढोबळे पडद्यासमोर येऊन बसल्या, तेव्हा पलीकडे अवकाश मोहिमेचे संचालक भालचंद्र सबनीस आधीच येऊन थांबले होते. सबनीस वेळेच्या आधी येणाऱ्यांतले नव्हते. त्यांचा चेहरा पाहूनच कुमुदताईंनी हातातला चहाचा पेला बाजूला ठेवला.

"अगस्ती यानाला दगड लागला," सबनीस म्हणाले. "परवा. मुठीएवढाच असेल, पण संदेश पाठवणारा प्रक्षेपक गेला, मुख्य घड्याळ बंद पडलं आणि यान वळवणारी यंत्रणा निकामी झाली. प्रक्षेपक पुरता जाण्याआधी बॅटरीवर एकच निरोप आला. वाचून दाखवतो. 'चौघं ठीक. राऊळ बेशुद्ध. तुमचं ऐकू येतं, आता बोलता येणार नाही.' बस, एवढंच."

अगस्तीवर पाच माणसं होती. मंगळापलीकडच्या एका लघुग्रहावर सात महिने काम करून ती घरी निघाली होती. मोहिमेची प्रमुख होती वेंगुर्ल्याची हेमांगी राऊळ. यानावरचं गॅमा-किरणवेधक यंत्र सांभाळणारा जयराज केळुसकर दोन वर्षं याच पठारावर, कुमुदताईंच्या हाताखाली शिकून गेला होता. ते यंत्रही इथेच तयार झालं होतं.

"इंजिन चालू आहे?" कुमुदताईंनी विचारलं.

"आहे. आजपासून एक्केचाळिसाव्या दिवशी ते पेटवलं तर पुढे तीन आठवड्यांनी यान पृथ्वीपाशी येईल. पण नेमकं कुठून आणि किती वाजता पेटवायचं, हे कळायला आपण कुठे आहोत आणि किती वाजलेत हे त्यांना माहीत हवं. दगडाच्या धक्क्याने यान किती ढळलं ते आम्हालाही ठाऊक नाही. चुकले तर पृथ्वीच्या बाजूने निघून जातील. पुन्हा जवळ यायला सहा वर्षं."

सहा वर्षांचं अन्न यानात नव्हतं.

कुमुदताईंच्या शेजारी बसलेले इरफान तांबोळी वेधशाळेचे मुख्य अभियंता होते. ओतूरचा माणूस, एकशे वीस तबकड्यांपैकी प्रत्येकीची कुरकुर ओळखणारा. ते म्हणाले, "स्पंदकांवरून वाट काढतील की, मॅडम. जयराजचं यंत्र आहेच."

"तेच सांगायला आलोय," सबनीस म्हणाले. "पण माझ्या मंडळातल्या दोघांना हे नीट समजलेलं नाही. ते ऐकतायत. जरा सोपं करून सांगा."

कुमुदताईंनी क्षणभर विचार केला. "स्पंदक म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गाभा. एखाद्या तालुक्याएवढा गोळा, पण वजन सूर्याहून जास्त. त्यांतले काही सेकंदाला शेकडो वेळा गिरकी घेतात आणि दर गिरकीला त्यांच्या किरणांचा झोत आपल्यावरून जातो, दीपगृहासारखा. ठेका इतका पक्का, की आपली उत्तम घड्याळंही त्याच्यावर तपासून घ्यावीत. यानाला चार गोष्टी शोधायच्या आहेत. जागेची तीन मापं आणि चौथी वेळ. त्यासाठी चार ठेके हवेत. पृथ्वीवरून आपण पाठवतो तो वेळेचा संकेत त्यांना ऐकू येतोय, तो एक धरा. उरले तीन स्पंदक."

"आणि यान वळत नाही," सबनीस म्हणाले.

"म्हणजे जयराजच्या यंत्राला आकाशाचा एकच तुकडा दिसतो. त्या तुकड्यात गॅमा-किरणांनी तळपणारे आणि ठेका माहीत असलेले स्पंदक दोनच आहेत."

"तिसरा?"

कुमुदताई आणि इरफानभाईंनी एकमेकांकडे पाहिलं.

"तिसरी आहे," इरफानभाई म्हणाले. "पण ती रुसूबाई आहे."

किरणवेधी नावाचा उपग्रह सोळा वर्षांपासून त्या ठिकाणाहून येणारे गॅमा-कण टिपत होता. तो स्पंदकच आहे याबद्दल कुमुदताईंच्या मनात शंका नव्हती. मात्र त्याचा ठेका कोणालाच सापडला नव्हता. गॅमा-कण यायचे दिवसाला आठ-दहा, आणि दोन कणांच्या मध्ये तो गोळा लाखो गिरक्या घेऊन मोकळा व्हायचा. नुसत्या कणांवरून गिरकीचा वेग ओळखणं शक्य नव्हतं, कारण हा स्पंदक एकटा नव्हता. एका लहानशा जोडीदार ताऱ्याभोवती तो स्वतःही घिरट्या घालत होता, त्यामुळे त्याचा ठेका कधी ताणला जायचा, कधी आखडायचा. उरला मार्ग रेडिओ लहरींचा. त्या भरपूर येतात, ठेका लगेच दाखवतात. पण स्पंदकाच्या भाजणाऱ्या किरणांनी जोडीदाराची वाफ होत होती आणि तो वायू रेडिओ लहरी गिळून टाकत होता. अकरा वर्षांत कुमुदताईंनी त्रेचाळीस वेळा तबकड्या तिकडे वळवल्या होत्या. त्रेचाळीस वेळा नुसती खरखर.

"मला लडाखची मोठी दुर्बीण हवी," कुमुदताई म्हणाल्या. "तीन वर्षं अर्ज करतेय."

"आजपासून तुमची," सबनीस म्हणाले.

जोडीदार ताऱ्याची एकच बाजू स्पंदकाकडे असते आणि ती भाजून निघते. ती बाजू आपल्याकडे वळली की तारा उजळतो, पाठ फिरली की मावळतो. लडाखच्या दुर्बिणीने सहा दिवसांत ही उघडझाप मोजून दिली: दोन तास सहा मिनिटं. आता स्पंदक आपल्या जोडीदाराच्या अलीकडे नेमका केव्हा येतो, वायूचा पडदा केव्हा विरळ होतो, हे कळलं. दर फेरीत जेमतेम नऊ मिनिटं.

"म्हणजे इतकी वर्षं आपण तास-तास ऐकत बसलो आणि त्यातली नऊच मिनिटं कामाची होती," इरफानभाई म्हणाले.

"त्या नऊ मिनिटांवर आपणच बाकीची खरखर ओतत होतो."

तबकड्या आता तेवढ्याच नऊ मिनिटांसाठी ऐकू लागल्या. पहिले तीन दिवस काही मिळालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी, जेवणाचे डबे उघडलेले असताना, इरफानभाईंचा हात तोंडापाशीच थांबला. पडद्यावर घड्या पडत होत्या. 'घडी घालणं' हा वेधशाळेतला नेहमीचा शब्द. मिळालेल्या लहरींचा लांबलचक पट्टा एका ठरावीक मापाने दुमडत जायचा. माप चुकलं की खरखरीवर खरखर पडते आणि सगळं सपाट होतं. माप बरोबर असलं की प्रत्येक घडीतली इवलीशी उंची नेमकी एकमेकीवर बसते आणि गोंगाटातून शिखर वर येतं.

शिखर वर आलं होतं. सेकंदाला चारशे बहात्तर गिरक्या.

कुमुदताईंनी ते माप घेऊन किरणवेधीच्या सोळा वर्षांच्या गॅमा-कणांची घडी घातली. विखुरलेले कण हालले, सरकले आणि दोन सरळ रांगांत उभे राहिले. अगदी पहिल्या वर्षाचा पहिला कणसुद्धा रांगेत होता. अकरा वर्षं त्या ज्याला स्पंदक म्हणत आल्या होत्या, तो स्पंदकच होता. त्यांना उठून कोणाला तरी हाक मारावीशी वाटली. इरफानभाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि त्यांना रीतसर सलाम केला.

संध्याकाळी सबनीसांनी अभिनंदन केलं आणि लगेच कामाचं बोलले. "ठेका यानाकडे पाठवतो. सोबत इंजिन पेटवायची वेळही देतो. आमच्या गणकांनी अंदाज काढलाय."

"अंदाज पाठवू नका," कुमुदताई म्हणाल्या.

"मॅडम, ती माणसं घाबरलेली असतील. त्यांना पृथ्वीकडून आदेश हवा असेल."

"त्यांच्याकडे आता तीन दीपगृहं आहेत, साहेब. जिथे आहेत तिथून ती आपल्यापेक्षा बरोबर मोजतील. आपण एक आकडा दिला आणि त्यांच्या हिशोबाला दुसराच आला, तर वरिष्ठांचा म्हणून आपलाच खरा धरतील. चुकीच्या आकड्यावर पाच माणसं नका पाठवू."

सबनीस अजून मानायला तयार नव्हते. "आणि तुमचा केळुसकर चुकला तर?"

"त्याला मी शिकवलंय," कुमुदताई म्हणाल्या. त्या बोलण्यात तोरा नव्हता, पण माघारही नव्हती.

फक्त ठेका गेला. रोज सहा वेळा, तीस दिवस. पलीकडून उत्तर यायचं नव्हतंच.

एक्केचाळिसावा दिवस गेला. इंजिन पेटलं की नाही, कुणाला सांगता येईना. बेचाळिसाव्या दिवशी सबनीसांचा फोन आला, तेव्हा त्यांचा आवाज खोल गेलेला होता. "पृथ्वीजवळ येतील तेव्हाच कळेल. अजून तीन आठवडे. घरच्यांना काय सांगू?"

कुमुदताईंनी फोन ठेवला आणि खिडकीतून तबकड्यांकडे बघत राहिल्या. मग एकदम वळल्या.

"इरफानभाई, जयराजच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत? तुम्हाला सांगायचंय की आम्ही जिवंत आहोत. प्रक्षेपक नाही."

"अंतराळपोशाखातला रेडिओ आहे. पण त्याचा आवाज शंभर किलोमीटरच्या पुढे जात नाही."

"जातो. ऐकू येत नाही, एवढंच."

इरफानभाई त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. "ठेका माहीत असला, तर घडी घालता येते."

"किती का क्षीण असेना. आणि आपल्याला माहीत असलेला ठेका कोणता, हे त्याला ठाऊक आहे. महिनाभर रोज सहा वेळा आपण त्याला एकच ठेका पाठवलाय. तो रेडिओ नुसता चालू ठेवणार नाही. रुसूबाईच्या ठेक्यावर चालू-बंद करत राहील."

"आणि आपण ऐकू, हे त्याने कशावरून धरलं?"

"मी त्याच्या जागी असते तर मीही धरलं असतं."

तबकड्या रुसूबाईकडे पाठ करून अगस्तीच्या बाजूला वळल्या. यान कोणत्या वेगाने जातंय त्यावर ठेका किंचित ताणला किंवा आखडला जाणार होता, म्हणून शेकडो वेग धरून पुन्हा पुन्हा घडी घालायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सबनीस पडद्यावर येऊन बसले. साडेअकरापर्यंत सगळ्या घड्या सपाट निघाल्या. अकरा बेचाळीसला एक सपाट राहिली नाही.

"हा रुसूबाईचाच आवाज कुठून तरी शिरला असेल," सबनीस घाईने म्हणाले. खोटी आशा नको होती त्यांना.

"ती सध्या जमिनीखाली आहे, साहेब. अजून उगवायची आहे," इरफानभाई म्हणाले. "आणि हा वेग बघा. ज्या वेगाला घडी बसली तो लिहून घ्या."

सबनीसांनी आकडा कोणाला तरी दिला. मिनिटभर पलीकडे नुसती कुजबुज होती. मग ते परत आले आणि त्यांनी चष्मा काढला. "इंजिन पेटलंय. पेटून गेल्यावर जेवढा असायला हवा, तेवढाच वेग आहे. वेगावरून दिसतंय, आमच्या अंदाजाच्या सव्वादोन तास आधी पेटवलंय त्यांनी. आमची वेळ पाठवली असती तर..."

कुमुदताईंचं तिकडे लक्ष नव्हतं. घडी अजून चालू होती. जसजशा जास्त लहरी जमत होत्या, तसतसं शिखर स्पष्ट होत होतं, आणि ते एकच शिखर नव्हतं. रुसूबाईच्या गॅमा-किरणांत दर गिरकीला दोन शिखरं येत, रेडिओत एक. इथे एका गिरकीच्या वेळात जास्त होती. सारख्या अंतरावर आणि सारख्या उंचीची.

"हे असं का करेल तो?" सबनीसांनी विचारलं. "एक पुरलं नसतं?"

"आपण जिवंत आहोत हे सांगायला एक पुरलं असतं," कुमुदताई म्हणाल्या. त्या खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या आणि त्यांनी बोट टेकवून मोजलं. मग खात्रीसाठी इरफानभाईंना मोजायला सांगितलं.

इरफानभाईंनी दोनदा मोजलं. "राऊळबाईपण आहेत, मॅडम. पाच आहेत."

"वेंगुर्ल्याला फोन लावा, साहेब," कुमुदताई म्हणाल्या. "आत्ता लावा."