शेवटची गुळपोळी

मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभाला आपण संस्कृतीच्या ओढीने आलोय, असं ऋजुता सगळ्यांना सांगत होती. खरी ओढ जेवणाची होती. चंडीगढच्या जानेवारीत आयतं, गरम आणि फुकट जेवण कोण सोडेल? साताऱ्याची ही मुलगी मोहालीच्या आयटी कंपनीत दिवसभर राबायची, सायकलने ये-जा करायची, रोज डबा न्यायची आणि हिमाचलमधल्या स्पितीला जायचे पैसे साठवायची. मैत्रिणी सिनेमाला निघाल्या की हिचं नेमकं डोकं दुखायचं. आज मात्र ती थाटात होती, कारण अंगावर रूममेट कादंबरीचा भारी लोकरी कोट होता.

ताटात एकच गुळपोळी उरली होती. तिने हात पुढे केला, आणि समोरूनही एक हात आला.

"घ्या ना तुम्ही," तो तरुण म्हणाला.

"छे, माझं झालंय. तुम्ही घ्या."

"मला गोड फारसं... नाही आवडत."

दोघांचीही नजर पोळीवरून हलत नव्हती. आग्रह असा रंगात आलेला असताना मंडळाचे अध्यक्ष सदाशिवकाका आले, पोळी उचलली, वर तूप मागून घेतलं आणि निघून गेले. दोघांना हसू आवरेना. हसताना त्याच्या एकाच गालावर खळी पडते, हे ऋजुताने पाहिलं आणि तिला थंडी जरा कमी वाटायला लागली.

तो नाशिकचा गंधार, इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात इंजिनिअर. पोळीची भरपाई म्हणून त्याने तिला कॉफीला बोलावलं, तेही मॉलमधल्या चकचकीत कॅफेत. मग दर शनिवारी तोच कॅफे. काही खाणार का, असं तो विचारी. खाऊन आलेय, असं ती म्हणे. तोही खाऊनच आलेला असे. पंजाबी माणसाने असला नकार ऐकूनच घेतला नसता, सरळ पराठे मागवले असते. पण ही दोन मराठी माणसं समोरचा पुन्हा आग्रह करेल म्हणून थांबत आणि नुसती कॉफी पीत. बिल द्यायला मात्र दोघं हिरिरीने भांडत. ऋजुता जिंकली की घरी पोहोचेपर्यंत तिला हळहळ लागून राही.

मार्च आला. जूनमधली रजा मंजूर झाली होती, आणि स्पिती कॉफीच्या फेसात विरत चालली होती. खरं सांगितलं तर हा शौकीन मुलगा आपल्याला चिक्कू समजून पळणार. नाही सांगितलं तर स्पिती हातची जाणार. आणि तिला तर दोन्ही हवं होतं... फार हवं होतं.

शेवटी तिने त्याला सुखना तलावावर बोलावलं आणि बाकावर बसल्याबसल्या सगळं सांगून टाकलं. सायकल, डबा, स्पिती, सगळं.

गंधारने बॅगेतून डबा काढला. आत थालीपीठ होतं.

"दर शनिवारी आणतो," तो म्हणाला. "तू यायच्या आधी पार्किंगमध्ये उभ्याने खातो."

"मग कॅफे कशाला?"

"तुझा तो कोट! म्हटलं, असा कोट घालणारी मुलगी टपरीवर चहा कशी पिणार?"

"तो रूममेटचा, कादंबरीचा. दर शनिवारी मागून घालायचे. माझं हे," तिने जॅकेटची रफू केलेली बाही पुढे केली.

"मी मेघालयसाठी साठवत होतो," तो हताशपणे म्हणाला. "अर्धं मेघालय आपण पिऊन टाकलं."

ती इतकी हसली की बाजूचे काका जॉगिंग थांबवून बघू लागले. मग दोघांनी थालीपीठ खाल्लं. दर शनिवारी आपण किती उपाशी होतो, ते तिला आत्ता कळत होतं. डब्यात एक तुकडा उरला, आणि दोघांचेही हात सवयीने मागे गेले.

"ऋजुता... स्पितीला मीही आलो तर? सेक्टर ४३ च्या बस स्टँडवरून साधी सरकारी बस. तिकीट ज्याचं त्याने काढायचं."

इतकं गोड तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. तिच्या घरी पहिल्या विचारण्याला हो म्हणायची पद्धत नव्हती. निदान तीनदा तरी नको म्हणायचं असतं.

"ये," ती म्हणाली, आणि त्याने दुसऱ्यांदा विचारायच्या आत डब्यातला शेवटचा तुकडाही उचलला.