ऐकणारीचे तीन दाणे

धुळ्याला चौथ्या गल्लीत सुगनबाईंच्या कापडदुकानावर एक माडी होती. दर बुधवारी दुपारी, जेवणं-भांडी उरकली की तिथं चार बायका कादंबरीला बसायच्या. बायका पोथीला बसतात ना, तशा ह्या कादंबरीला. वाचनालयाचं कार्ड एकट्या यशोदाबाईंचं, पुस्तक एका वेळी एकच मिळायचं. म्हणून जिची पाळी असेल तिनं आठवडाभरात ते वाचून काढायचं आणि बुधवारी बाकीच्यांना सांगायचं. सुगनबाईंची अट एकच होती. शेवट सांगायचा नाही.

"शेवट फुकटात मिळाला तर पुस्तक कोण उघडणार?" त्या म्हणायच्या. "गिऱ्हाइकाला नमुना दाखवावा, अख्खं ठाण नाही."

यशोदाबाई पन्नाशीच्या, निवृत्त हेडमास्तर नानांच्या पत्नी. तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय आणि त्या त्या वाराची कहाणी एवढं झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. आवाज इतका मऊ, की ऐकणारीला पुढं सरकून बसावं लागे. शेजारच्या तानुबाई त्यावरून त्यांना छेडायच्या, "अक्का, तुम्ही देवलेबी कानमाच सांगतस का?"

तानुबाई दोंडाईच्याकडच्या शेतकरी घरातल्या, मुलाच्या नोकरीपायी धुळ्यात आलेल्या. अक्षरओळख नव्हती, पण मत सगळ्यांत ठणठणीत त्यांचंच. एकदा सुगनबाईंनी एका कादंबरीची फार तारीफ केली. परगावी गेलेल्या नवऱ्याची नायिका वीस वर्षं वाट बघते, अशी ती. तानुबाईंनी पानाचा विडा गालात सरकवला. "वीस वरीस? मंग तो उना तवय तिनी त्याले दारमाच एक थापड देवाले जोयजे व्हती."

चौथी धनकुंवर. सुगनबाईंची सून, तेवीस वर्षांची, माहेर जळगावचं. तिला बैठकीत आणलं ते यशोदाबाईंनी. दोन वेळा पाचव्या महिन्यात तिचं पोट रिकामं झालं होतं. आता तिसऱ्या खेपेला तिसरा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलेलं. पोर झोपायची नाही, बोलायची नाही, छताच्या कड्या मोजत पडायची.

"तिला कादंबऱ्या द्या," यशोदाबाई म्हणाल्या.

"कादंबरीनं पोट धरतं होय?" सुगनबाईंनी विचारलं.

"मन धरतं. मन धरलं की पोटही धरतं."

तेव्हापासून माडीच्या भिंतीला लोड लागला आणि धनकुंवर त्याला टेकून ऐकू लागली. महिन्याभरात तिच्या गालांवर रंग आला. पुस्तकाबद्दल ती वादही घालायला लागली. सुगनबाई कौतुकानं म्हणाल्या, "यशोदाबाई, हे औषध तुमचंच. आता उतारा पण तुमच्याकडेच मागायचा."

थट्टेतलं बोलणं होतं. यशोदाबाईंच्या मनाला मात्र ते लागून राहिलं.

दाण्यांची गोष्टही त्यांनीच काढली. १९८७ चा चैत्र होता. ऊन असं, की पत्र्यावर चिमण्या पाय टेकत नव्हत्या. तानुबाई ऐकता ऐकता पेंगायच्या. तेव्हा यशोदाबाई म्हणाल्या, वाराची कहाणी ऐकताना हातात दाणे धरतात ना, तसे धरूया. ज्वारीचे तीन-तीन दाणे सगळ्यांनी मुठीत धरायचे, सांगणारीनंही. मधूनमधून हुंकार द्यायचा. दाणे सांडले तर ऐकणं मोडलं. संपल्यावर पितळेच्या वाटीत टाकायचे आणि गच्चीत पाखरांना घालायचे. हसत हसत त्यांनी आणखी एक नियम जोडला, खास तानुबाईंसाठी. जिनं दाणे धरले, तिनं एकदा सांगायचं. पाळी कुणाचीच चुकायची नाही.

चौघी बायका, बारा दाणे.

पहिल्याच बुधवारी वाटीत पंधरा निघाले.

जप करणाऱ्या बाईची बोटं आपोआप मोजतात. यशोदाबाईंना वाटलं, देताना चूक झाली. पुढच्या खेपेला त्यांनी बारा दाणे मोजून दिले. वाटीत पंधरा. त्यातले तीन वेगळे होते. बारीक, तांबूस, चपटे. बोटांना ओलसर लागले, जणू आताच कुणाच्या तरी घामेजल्या मुठीतून सुटलेत.

तानुबाईंनी ते तळहातावर घेतले. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "हाई जवारी आते कोन पेरस? मन्हा सासरा गया, तवयच हाई जवारी गयी."

"पोत्यात आली असेल जुनी," सुगनबाई म्हणाल्या.

"एवढाच तीन?"

दाणे गच्चीत टाकले. चिमण्यांनी बारा टिपले. ते तीन तसेच उन्हात पडून राहिले.

मग यशोदाबाईंचं लक्ष हुंकारांकडं जाऊ लागलं. तानुबाईंचा हुंकार जाड, विड्यातून येणारा. सुगनबाईंचा घाईचा. धनकुंवरचा अगदी नाजूक. त्यांच्यामागून, वाक्य पुरतं निवल्यावर, आणखी एक यायचा. हळू. घसा कोरडा पडलेल्या बाईसारखा. धनकुंवरचा लोड आणि लाकडी कपाट यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा होती, तिकडून. खिडकीची झुळूक नेमकी तिथं यायची, माडीतली तेवढीच थंड जागा. तरी त्या उन्हाळ्यात तिथं कुणीच बसलं नव्हतं. का, ते कुणाला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

चार बुधवारांत चौघींच्या पाळ्या झाल्या. तानुबाईंनीही सुनेकडून वाचून घेऊन एक कादंबरी सांगितली, निम्मी शिव्यांसकट. पाचव्या बुधवारी यशोदाबाई माडीवर गेल्या आणि दाणे वाटून बसल्या. पुस्तक त्यांनी आणलं नव्हतं. पाळी आपली नाही असं त्यांना वाटत होतं. कुणाच्याच हातात पुस्तक नव्हतं. खाली कापड फाडल्याचा आवाज आला. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास उन्हानं वर चढत होता.

मग चार वाजले होते आणि त्या वाटीत दाणे टाकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगनबाईंनी गॅलरीतून हाक मारली. "यशोदाबाई, काल रडवलंत हो! कुठून आणलीत ही कादंबरी?"

"मी? तुम्हीच तर सांगितलीत."

"मी? अरे राम, माझी पाळी कुठं होती?"

खाली नळावर तानुबाई हंडा भरत होत्या. त्यांनी मान वर केली. "धनकुवरनी सांगी ना!"

धनकुंवर म्हणाली, तानुमावशींनी सांगितली.

आधी त्या हसल्या. मग एकेकीनं कादंबरी आठवून बघितली. चौघींनाही शब्दन् शब्द पाठ होता. नदीकाठचं घर. घरात एक पोटुशी बाई, बोलायला कुणी नाही. उंबऱ्यापाशी रोज कुणीतरी येऊन बसते. बाई तिला म्हणते, तू माझं ऐक, माझ्याजवळ जे आहे त्यातलं देईन. ती ऐकते. नऊ महिने ऐकते. मूल होतं, बाराव्या दिवशी पाळणा सजतो. तेव्हा ती पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत येते आणि म्हणते, माझं ऐकणं झालं. आता—

इथं कादंबरी थांबलेली. नियमच होता, शेवट सांगायचा नाही.

यशोदाबाई त्याच दिवशी वाचनालयात गेल्या. ग्रंथपालांनी रजिस्टर चाळलं, डोकं खाजवलं. "कथानक ऐकल्यासारखं वाटतंय खरं. पण अशी कादंबरी आपल्याकडे नाही, बाई. नाव काय म्हणालात?"

नाव एकीलाही आठवत नव्हतं.

धनकुंवरला पाचवा लागला.

मंगळवारी दुपारी यशोदाबाई तिच्यासाठी डाळिंब घेऊन गेल्या. जिन्यातच त्यांचे पाय थांबले. वर धनकुंवर बोलत होती. लाडीगोडीनं, मैत्रिणीशी बोलावं तसं.

"सांगा ना शेवट. सासूजींना नाही कळणार. मला एकटीला सांगा."

यशोदाबाई वर आल्या. माडीत ती एकटीच. तोंड कपाटाकडे.

"कुणाला विचारत होतीस गं?"

"काय काकू? शेवट."

"पण कुणाला?"

धनकुंवरनं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग यशोदाबाईंकडे. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली. "तुम्हालाच की," ती म्हणाली. "तुम्ही तिथंच बसला होतात ना?"

डाळिंब सोलताना यशोदाबाईंची बोटं लाल झाली.

त्या रात्री जेवण गेलं नाही. नानांनी विचारलं तर आज उपास धरते म्हणाल्या. त्यांच्या सासूबाई सांगायच्या, कहाणी अर्धी सोडू नये, अर्धी कहाणी उंबऱ्याशी बसते. पोरीला बैठकीत आणलं कुणी? आपण. दाणे हातात दिले कुणी? आपणच. आता कुणी शेवट सांगायचाच असेल तर त्या कपाटापाशी बसणारीच्या आधी आपण सांगायचा. पुस्तकात नसलेला, मनानं रचलेला. खोटं बोलायचं नाही हाही त्यांचा नेम होता. देव्हाऱ्यासमोर त्यांनी नाक घासलं आणि एवढं एक पदरात घ्या म्हणून विनवलं.

बुधवारी त्यांनी बारा दाणे दिले. "आज नियम मोडते," म्हणाल्या. "शेवट सांगते." सुगनबाईंनी तोंड उघडलं. पण यशोदाबाईंचा चेहरा पाहून मिटलं.

त्यांनी सांगितलं, ती म्हणाली, माझं ऐकणं झालं, आता माझं दे. तेव्हा बाईनं तिला पाट दिला, हळदकुंकू लावलं, तिचे दाणे तिच्या ओंजळीत घातले आणि म्हणाली, बये, माझ्याजवळ गोष्ट होती, ती तुला दिली. मूल माझं नाही, देवाचं आहे. तुझे दाणे घे आणि सुखानं जा. ती उठली, नदी ओलांडून गेली, परत आली नाही. कहाणी पूर्ण झाली.

अख्ख्या सांगण्यात कपाटाकडून एकही हुंकार आला नाही.

वाटीत दाणे पडले. यशोदाबाईंनी मोजले. पुन्हा मोजले. बारा.

त्या पदर तोंडाला लावून रडल्या. तानुबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "बस करा अक्का. बठ्ठं चांगलं व्हई."

आणि झालंही. पाचवा सरला, सहावा सरला. सातव्यात धनकुंवर माहेरी जळगावला गेली आणि बुधवारची बैठक बंद पडली. यशोदाबाईंना तेच हवं होतं. भाद्रपदात पत्र आलं. मुलगी झाली, दोघी खुशाल.

बाराव्या दिवशी बारसं. सुगनबाई आणि यशोदाबाई सकाळच्या एसटीनं निघाल्या. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. दोन्ही बाजूंना कपाशी फुलावर होती. सुगनबाई सारखी आंगडी-टोपडी पिशवीतून काढून बघत होत्या. यशोदाबाईंच्या मनातून मात्र तो आकडा जाईना. बारावा दिवस. पाळणा सजतो. पण आपण कहाणी पूर्ण केली आहे, त्या स्वतःला सांगत होत्या.

नाव ठेवून झालं. पाळणे म्हणून झाले, घुगऱ्या वाटल्या. पंगत बसली तेव्हा यशोदाबाई आतल्या खोलीत धनकुंवरजवळ थांबल्या. त्या दिवशी एकादशी होती.

"फार शहाणी आहे, काकू," धनकुंवर म्हणाली. "रडतच नाही. आई म्हणते असं मूल पाहिलं नाही."

"देवाची दया."

"काकू, एक सांगू? रागावणार नाही ना?" ती ओशाळून हसली. "त्या बुधवारी तुम्ही शेवट सांगितलात ना, तो मी ऐकलाच नाही. तुम्ही 'शेवट सांगते' म्हणालात आणि मला गाढ झोप लागली. जाग आली तर हातातले दाणे गळालेले, लोडाखाली गेलेले. मी वाटीत काही टाकलंच नाही."

यशोदाबाईंची बोटं आपोआप मोजू लागली, तिघींचे नऊ.

वाटीत बारा होते. त्यांचा रंग बघायचं त्या दिवशी सुचलंच नव्हतं.

"मग आता सांगा ना तो शेवट," धनकुंवर म्हणाली. तेवढ्यात बाहेरून तिला हाक आली, पाहुणे आहेर घेऊन खोळंबले होते. "आलेच," म्हणून ती डोक्यावरचा पदर सारखा करत गेली.

खोलीत पाळणा, भिंतीला एक कपाट आणि यशोदाबाई.

"हूं," बाळ म्हणालं.

बारा दिवसांचं मूल हुंकार देत नाही. यशोदाबाईंनी चार मुलं वाढवली होती. सटवाई हसवते, सटवाई रडवते, तसंच काहीतरी असेल. त्या पाळण्याशी गेल्या.

बाळाचे डोळे उघडे होते. ते त्यांच्याकडे बघत नव्हतं. कपाटाच्या बाजूला बघत होतं.

एखादं वाक्य पुरं व्हावं, एवढा वेळ गेला.

"हूं."

उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. यशोदाबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि एकेक बोट हळूच उलगडलं. तळव्याला तीन दाणे चिकटले होते. बारीक, तांबूस, ओलसर.

त्या ते काढून घेणार, तोच मूठ पुन्हा मिटली.

बाहेर पंगतीत हसण्याचा आवाज झाला. खोलीत गारवा होता. यशोदाबाईंनी तोंड उघडलं, कहाणी पहिल्यापासून सांगावी म्हणून. पहिला शब्द अजून निघायचा होता.

"हूं," बाळ म्हणालं, आणि पुढचं ऐकायला थांबलं.