आईने सोडलेली जागा

धुळ्याहून जळगावला निघालेल्या एसटीत मेघाला जागा मिळाली ती एका विचित्र माणसाशेजारी. दिसायला बरा होता – खरं तर चांगलाच बरा होता – पण मांडीवरची काळी पेटी त्याने टॉवेलात अशी गुंडाळली होती, की तान्हं बाळच घेऊन बसलाय.

“रडत नाही वाटतं?” मेघाने विचारलंच.

“आवाजच नाही तिला. आत पंखासुद्धा नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. “म्युझिक सर्व्हर आहे. घरातली सगळी गाणी हिच्यात राहतात. ती सांभाळायची आणि वाजवायची, दुसरं काम नाही.”

“नशीबवान आहे.”

तो हसला… आणि पारोळा कधी मागे पडलं, मेघाला कळलंच नाही.

त्याचं नाव कुंदन. जळगावात राहत्या घरीच तो असल्या पेट्या बनवायचा, जुनी ध्वनिमुद्रणं सुधारून द्यायचा. एरंडोल येईपर्यंत मेघाने पर्समधली कॅसेट काढून त्याच्या हातात दिली होती. ती कॅसेट तिने आजवर कोणाच्या हाती दिली नव्हती. तीत तिची आई खानदेशातल्या कानबाई देवीचं गाणं म्हणत होती. मेघा दोन वर्षांची असताना आई गेली, आणि घरातलं ते गाणंही गेलं. श्रावणात कानबाई बसायची, पण मुकीच.

“यंदा मला ते म्हणायचंय,” मेघा म्हणाली. “पण नुसती खरखर आहे… फीत तुटायला आलीये.”

“एकदाच वाजवीन. जपून,” कुंदन म्हणाला.

मग दोन महिने फोनवर नुसती देवाणघेवाण. मेघाला टाइप करायचा कंटाळा, म्हणून ती बोलूनच निरोप पाठवायची. गाण्याची चौकशी दोन वाक्यं, बाकी धुळ्यातली भरताची वांगी, कॉलेजातले मास्तर, पाऊस… ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांपैकी कोणीही सांगू शकलं नसतं.

कानबाईच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, ती त्याच्या घरी पोचली. कुंदनची आई मंजुळाबाई साक्रीकडची. तिने मेघाला एकदा नीट न्याहाळलं आणि “च्या ठेवस वं पोरी,” म्हणून स्वयंपाकघरात गेली. चहा पाचच मिनिटांचा असतो, पण माउली लवकर बाहेर येणार नव्हती.

खोलीच्या खिडक्या बंद होत्या. बाहेर ढग दाटलेले.

“झिजलेल्या आवाजात ठिपके तेवढे उरतात,” कुंदन सांगत होता. “सॉफ्टवेअर दोन ठिपक्यांच्या मध्ये अंदाजाने नवे ठिपके भरतं. रांगोळी दाट करावी तसं. आधी ते लॅपटॉपवर चालायचं, काल मी पेटीतच बसवलं. आता वाजता वाजताच भरेल. भरलेलं गाणं मीही अजून ऐकलं नाही… तुझ्याआधी कसं ऐकू?”

त्याने बटण दाबलं.

“माय उनी वं उनी, मना दारम्हा उनी…”

आई. ‘माय आली, माझ्या दारात आली’ म्हणत होती, शेजारी बसून गावं इतकी जवळ. मेघाचे डोळे भरून आले. ओळ संपली आणि रिकामी जागा आली. कानबाईचं गाणं त्यांच्याकडे कधी एकटीने म्हणत नसत. एकीने म्हणायचं, दुसरीने झेलायचं. आई एकटीच होती, तरी तिने झेलणारीची जागा सोडली होती.

त्या जागेत कोणीतरी गायलं.

“दिवा लाव वं, दिवा लाव…”

मेघाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो आवाज तिचा होता.

“कुंदन… हे मी कधी म्हटलं?”

कुंदनचा चेहरा पांढराफटक पडला. “चूक झाली. सॉफ्टवेअरला मी सांगितलं होतं, पेटीतला आईशी जुळणारा आवाज शोध आणि नमुना धर. पेटीत काय काय आहे, ते विसरलो.”

“काय आहे?”

“तुझे निरोप. सगळे… अगदी वांग्यांचासुद्धा.” तो मान खाली घालून म्हणाला, “रोज ऐकतो. मला तू आवडतेस, मेघा. हे असं सांगायचं नव्हतं.”

मेघाच्या गालावर पाणी होतं आणि ओठांवर हसू. “आणि शब्द? हे शब्द मला येतच नव्हते.”

“आवाज तुझा आहे,” कुंदन हळूच म्हणाला. “शब्द मी नाही दिले. कॅसेटमध्येही नाहीत. ते कुठून आले, मला माहीत नाही.”

तेवढ्यात लाइट गेली. पेटीवरचा हिरवा दिवा विझला. काळोखात मेघाने चाचपडत त्याचा हात धरला, आणि मग आईची ओळ म्हटली. ओळ संपली. जागा रिकामी राहिली…

कुंदनने झेलली. “दिवा लाव वं, दिवा लाव…” सुरांशी त्याचं सात जन्मांचं वैर असावं. पण पुढच्या ओळीलाही तो थांबला नाही, आणि मेघानेही हात सोडला नाही.

स्वयंपाकघराच्या दारात मेणबत्ती घेऊन मंजुळाबाई उभी होती. तिने खोलीत नजर फिरवली. बंद पेटी, मुके स्पीकर.

“दोन तुम्ही शेतस,” ती म्हणाली. “मंग ती तिसरी कोन गाई ऱ्हायनी रे?”

कुंदनची बोटं गार पडली. मेघाने ती घट्ट धरली. तिला आता भीती वाटत नव्हती.

“मनी माय शे,” ती म्हणाली. “जावई पाहाले उनी.”